‘द’ कधी, ‘ए’ कधी? धंद्याच्या इंग्रजीतला रोजचा घोळ

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या लहान कारखान्यातून परदेशातल्या ग्राहकाला मेल गेला असं समजा. शेवटची ओळ आहे, ‘प्लीज सेंड द अ‍ॅडव्हान्स.’ ग्राहक बुचकळ्यात पडतो. अ‍ॅडव्हान्सचं तर कधी बोलणंच झालं नव्हतं. मग हे लोक असं का लिहितायत, जणू सगळं ठरलंय आणि पैसे आपणच अडवून ठेवलेत? इकडे लिहिणाऱ्याच्या मनात तसं काहीच नसतं. त्याला नम्रपणे अ‍ॅडव्हान्स मागायचा होता. ‘प्लीज सेंड अ‍ॅन अ‍ॅडव्हान्स’ लिहिलं असतं तर ती विनंती झाली असती. ‘द’ लागला आणि तगादा झाला.

ए, अ‍ॅन आणि द या तीन शब्दांना इंग्रजीत आर्टिकल म्हणतात. शाळेत गाळलेल्या जागा भरून घेतात, चार-पाच मार्कांत विषय संपतो. पुढे नोकरीत किंवा धंद्यात रोज इंग्रजी लिहायची पाळी आली की माणूस अंदाजपंचे लावत सुटतो. मिहान प्रकल्पातल्या कंपन्यांत नुकतीच लागलेली मुलं असोत की गांधीबागेतले जुने कापड व्यापारी, सगळे इथेच अडखळतात. काही जण ‘द’ सगळीकडे पेरतात, काही जण कुठेच लावत नाहीत. याचं कारण, मला वाटतं, शिकवण्यातच आहे. आर्टिकल हा नामाचा गुण आहे असं आपल्याला सांगितलं जातं. खरं तर नाम तेच असलं तरी वाचणारा बदलला की आर्टिकल बदलतं.

वाचणाऱ्याला काय माहीत आहे?

पानठेल्यावर रोजचं गिऱ्हाईक येतं आणि नुसतं ‘नेहमीचं’ म्हणतं. ठेलेवाला काही न विचारता खर्रा घोटायला घेतो. सुपारी किती, चुना किती, सगळं त्याला पाठ. तेच एखाद्या परक्या माणसाने येऊन ‘नेहमीचं’ म्हटलं तर ठेलेवाला त्याच्या तोंडाकडे बघत राहील. ‘द’ म्हणजे हे ‘नेहमीचं’. कोणती वस्तू ते तुम्हाला माहीत आहे, असं लिहिणारा त्यातून सांगत असतो. ‘ए’ म्हणजे अशा अनेक वस्तूंपैकी कोणतीतरी एक. तुम्हाला ती आधीपासून माहीत असावी अशी अपेक्षा नाही.

मराठीत हे काम प्रसंगावर सोडून चालतं. ‘चेक आला का?’ एवढं विचारलं की अकाउंटंटला कोणता चेक ते कळतं. गरज पडली तर ‘तो चेक’ किंवा ‘एखादा चेक’ म्हणतो, नाही पडली तर नाही म्हणत. हिंदी, संस्कृत, रशियन, चिनी, जपानी या भाषांतही आर्टिकल नाही, तेव्हा आपलंच काही कमी आहे असं समजायचं कारण नाही. इंग्रजी मात्र ही मोकळीक देत नाही. तिथे एक कडक नियम आहे आणि सगळं विसरलात तरी हा एक धरून ठेवा: मोजता येणारी वस्तू एकवचनात आली की ती उघडी राहत नाही. तिच्या आधी काहीतरी लागतंच. ए, द, माय, युअर, धिस, एव्हरी, काहीही चालेल, पण ‘आय हॅव सेंट इन्व्हॉइस’ चालणार नाही. ‘अ‍ॅन इन्व्हॉइस’, ‘द इन्व्हॉइस’, ‘युअर इन्व्हॉइस’, यातलं कोणतंही लिहा. आपल्याकडच्या मेलमधल्या चुका पाहिल्या तर मोठा वाटा या एका जागेचा असतो.

‘पहिल्यांदा ए, मग द’ हे अर्धसत्य

शाळेतला नियम असा की वस्तूचा उल्लेख पहिल्यांदा आला की ‘ए’, दुसऱ्यांदा आला की ‘द’. ‘वी रिसीव्हड ए कोटेशन. द कोटेशन इज व्हॅलिड टिल फ्रायडे.’ हे ठीक आहे. पण आता हे बघा: ‘वी रिसीव्हड युअर कन्साइनमेंट यस्टरडे. द पॅकिंग वॉज डॅमेज्ड.’ पॅकिंगचा उल्लेख पहिल्यांदाच येतोय, तरी ‘द’ बरोबर आहे. माल आला म्हणजे त्याला पॅकिंग असणारच, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. कंपनी म्हटली की ‘द ओनर’ आला, करार म्हटला की ‘द टर्म्स’ आल्या, ट्रक म्हटला की ‘द ड्रायव्हर’ आला. उल्लेख कितव्यांदा झाला ते मोजत बसू नका. वाचणारा ‘कोणता?’ असं विचारेल का, ते बघा. विचारणार असेल तर ‘द’ नको.

यातलंच एक मजेशीर उदाहरण स्वतःची ओळख करून देणाऱ्या पत्रांत आणि मेलमध्ये सापडतं. ‘आय अ‍ॅम द डायरेक्टर ऑफ...’ असं लिहिलं की कंपनीला डायरेक्टर एकच, असा अर्थ होतो. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला निदान दोन डायरेक्टर लागतात (एकाच माणसाची वन पर्सन कंपनी असेल तर गोष्ट वेगळी). तेव्हा तिथे ‘ए डायरेक्टर’ हवा. मॅनेजिंग डायरेक्टर सहसा एकच असतो, त्याला ‘द’ चालतो. भागीदारीतला माणूस ‘ए पार्टनर’. प्रोप्रायटर मात्र ‘द प्रोप्रायटर’, कारण दुकानाचा मालक तोच एक. आर्टिकल नीट लागलं की कंपनीची रचना समोरच्याला न विचारता कळते, आणि चुकलं की तीही चुकीची कळते.

असंच ‘ए सेकंड कोटेशन’ म्हणजे आणखी एक, कोणाकडूनही. ‘द सेकंड कोटेशन’ म्हणजे टेबलावर पडलेल्यांपैकी दुसरं. आणि फोन घेणाऱ्याने साहेबांना ‘ए मिस्टर देशमुख कॉल्ड’ असा निरोप लिहिला तर त्याचा अर्थ ‘देशमुख नावाचे कोणीतरी, मी काही ओळखत नाही’ असा होतो. देशमुख तुमचे जुने ग्राहक असतील आणि हा निरोप त्यांच्या नजरेस पडला, तर ते बिचारे काय समजतील!

ए की अ‍ॅन हे कानाला विचारा

यात डोकं लावण्यासारखं फारसं नाही. पुढचा आवाज स्वराचा असेल तर अ‍ॅन, व्यंजनाचा असेल तर ए. स्पेलिंग पाहायचं नाही. ‘अ‍ॅन अवर’, कारण तिथला एच मुका आहे. ‘ए युनिव्हर्सिटी’, कारण सुरुवातीचा आवाज ‘यु’चा, म्हणजे य या व्यंजनाचा. आद्याक्षरांनाही हेच लागू: अ‍ॅन एमओयू, अ‍ॅन एनओसी, अ‍ॅन एफआयआर, पण ए जीएसटी बिल आणि ए यूपीएस. आवाज लगेच पुढच्या शब्दाचा बघायचा, नामाचा नाही. म्हणून ‘अ‍ॅन ऑरेंज’, पण आपलं संत्रं आलं की ‘ए नागपूर ऑरेंज’.

मोजता न येणाऱ्या गोष्टी

‘ए’ हा मुळात ‘एक’च आहे, इंग्रजीतल्या जुन्या ‘वन’पासूनच तो निघाला. म्हणून जे इंग्रजीत मोजत नाहीत त्याला तो लागत नाही. गोची अशी की काय मोजायचं आणि काय नाही, यात इंग्रजीचा आणि आपला हिशेब जुळत नाही. आपण दोन सल्ले देतो, इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हाइस’ला अनेकवचनच नाही. इन्फर्मेशन, फीडबॅक, इक्विपमेंट, मशिनरी, फर्निचर, स्टेशनरी, सॉफ्टवेअर, लगेज, प्रोग्रेस ही सगळी त्याच गोतावळ्यातली. ‘अ‍ॅन इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट्स’, ‘फर्निचर्स’ हे आपल्या टेंडरांत आणि कोटेशनांत सर्रास दिसतं, आणि तिन्ही चूक आहेत. मोजायचंच असेल तर ‘ए पीस ऑफ इक्विपमेंट’ किंवा सरळ ‘ए मशीन’ लिहा. मशिनरी मोजत नाहीत, मशीन मोजतात.

आता इतवारीतल्या कुठल्याही दुकानाचं बिल हातात घ्या. खाली बारीक अक्षरात दोन ओळी हमखास असतात. ‘गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक’ आणि ‘सब्जेक्ट टू नागपूर ज्युरिस्डिक्शन’. दोन्हींत एकही आर्टिकल नाही आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिली ओळ सगळ्या मालाबद्दल आहे, आज विकलेल्या, उद्या विकायच्या, कुठल्याही. सरसकट बोलायचं असेल तर अनेकवचन उघडंच राहतं. तिथे ‘द गुड्स’ केलं की नियम फक्त या बिलातल्या मालापुरता उरतो. दुसऱ्या ओळीतलं ज्युरिस्डिक्शन म्हणजे न्यायालयाचा अधिकार. तो डझनावारी मोजत नाहीत, म्हणून ‘ए’ नाही. छापखान्यात वर्षानुवर्षं तेच मॅटर चालत आलंय, कोणी व्याकरण तपासून छापत नाही, तरी या दोन ओळी धड्यात घालाव्यात इतक्या नेटक्या आहेत.

नावांपुढे काय करायचं?

इथे तर्क थोडा चालतो, रूढी जास्त. शहराला, राज्याला आर्टिकल नाही: नागपूर, महाराष्ट्र. विदर्भालाही नाही, पण ‘रीजन’ हा साधा शब्द जोडला की ‘द विदर्भ रीजन’. मिहान नुसतं असेल तर नाही, ‘द मिहान प्रोजेक्ट’ म्हटलं तर आहे. तळी उघडी राहतात, फुटाळा लेक, अंबाझरी लेक. नद्यांना मात्र ‘द’ लागतो, द कन्हान, द वैनगंगा. रस्ते उघडे, वर्धा रोड. गाड्यांना ‘द’, म्हणून ‘द विदर्भ एक्सप्रेस’.

संस्थांचं बघू. पूर्ण नावात इन्स्टिट्यूट, बँक, कोर्ट असा साधा शब्द आणि ‘ऑफ’ आला की बहुधा ‘द’ येतो: ‘द रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया’, ‘द नागपूर बेंच ऑफ द बॉम्बे हाय कोर्ट’. आद्याक्षरं सुटी सुटी वाचली तर बऱ्याचदा ‘द’ टिकतो, द आरबीआय. ती एक शब्द म्हणून वाचली तर गळून पडतो. म्हणून ‘नीरी’ला ‘द’ नाही, पण नॅशनल एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट असं लांबलचक लिहिलंत तर आहे. मग व्हीएनआयटीची अक्षरं तर सुटी वाचतो, तिला का नाही? कारण शिक्षणसंस्थांच्या आद्याक्षरांना ‘द’ न लावण्याची चाल पडून गेली आहे. आयआयएमचंही तेच. कंपन्यांच्या नावांनाही सहसा नाही: डब्ल्यूसीएल किंवा वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड, दोन्ही उघडी, पुढच्या वाक्यात ‘द कंपनी’ म्हटलं की आर्टिकल आलं. आणि ज्यांनी ‘द’ नावातच घेतला आहे त्यांचा तो काढायचा नाही. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी नागपुरात सुरू केलेलं इंग्रजी वर्तमानपत्र ‘द हितवाद’ आहे, नुसतं हितवाद आपण बोलताना म्हणतो. हे सगळं पाठ करायची गरज नाही. ज्या संस्थेला पत्र लिहायचंय तिच्या वेबसाइटवर ती स्वतःबद्दल वाक्यात कसं लिहिते ते पाहायला अर्धं मिनिट लागतं.

‘द’ लावला काय न् नाही लावला काय!

हा आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि अस्सल नागपुरी सुरात: ‘अहो, माल जाऊन राहिला, पैसे येऊन राहिले, मंग कायले पाहिजे तुमचा द?’ यात तथ्य आहे. रोजच्या मेलमधल्या दहापैकी आठ-नऊ जागी आर्टिकल चुकलं तरी अर्थ पोचतो. परदेशी ग्राहक काही आपली वही तपासायला बसलेला नाही, आणि त्याची स्वतःची इंग्रजी तरी कुठे निर्दोष असते. मी तर म्हणतो, त्या आठ-नऊ जागांसाठी झोप घालवू नका. उरलेल्या जागा मात्र पैशाच्या असतात.

डीलरने कंपनीला कळवलं, ‘वी हॅड फ्यू कम्प्लेंट्स.’ म्हणजे तक्रारी जवळपास नाहीतच, सगळं छान. त्याला सांगायचं होतं ‘ए फ्यू कम्प्लेंट्स’, म्हणजे काही तक्रारी आल्या आहेत, बघा जरा. एका ‘ए’ने बातमी उलटी झाली. ‘लिटल’ आणि ‘ए लिटल’चंही तसंच: ‘देअर इज लिटल स्टॉक’ वाचून ग्राहक दुसरीकडे जाईल, ‘ए लिटल स्टॉक’ वाचून थांबेल. करारावर ‘द प्रोप्रायटर अँड मॅनेजर’ सही करणार असं असेल तर माणूस एक, सही एक. ‘द प्रोप्रायटर अँड द मॅनेजर’ असेल तर माणसं दोन. सवलतीबद्दल ‘वी विल गिव्ह द डिस्काउंट’ लिहिलंत तर आधी जी काय टक्केवारी बोलण्यात आली होती तीच कबूल केल्यासारखं होतं. ‘ए डिस्काउंट’मध्ये अजून घासाघीस करायला जागा राहते.

आंतरराष्ट्रीय राजकारणात तर एका नसलेल्या ‘द’वरून वाद अजून चालू आहे. 1967 च्या जूनमधल्या अरब-इस्रायल युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 22 नोव्हेंबर 1967 रोजी ठराव क्रमांक 242 मंजूर केला. त्यात इस्रायली सैन्याने ‘फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड’, म्हणजे व्यापलेल्या प्रदेशांतून मागे जावं असं इंग्रजीत लिहिलं आहे. ‘द टेरिटरीज’ नाही. मग सगळे प्रदेश सोडायचे की त्यातले काही? इस्रायलची बाजू इंग्रजी मजकुरावर बोट ठेवते. अरब बाजू ठरावाचा फ्रेंच मजकूर दाखवते, कारण फ्रेंचमध्ये तिथे आर्टिकल आहे. आपल्या पुरवठ्याच्या करारात इतकं काही पेटणार नाही, पण ‘गुड्स’ लिहायचं की ‘द गुड्स’ यावर वकील फी घेऊन विचार करतात त्याला कारण आहे.

दुसरी गोष्ट मानसशास्त्रातली. अमेरिकेत 1975 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्याने लोकांना मोटार अपघाताची छोटी फिल्म दाखवली आणि नंतर प्रश्न विचारले. काहींना विचारलं, तुम्ही ‘ए ब्रोकन हेडलाइट’ पाहिला का? काहींना विचारलं, ‘द ब्रोकन हेडलाइट’ पाहिला का? फिल्ममध्ये नसलेली वस्तूसुद्धा पाहिल्याचं ‘द’वाल्यांनी जास्त वेळा सांगितलं, आणि ‘माहीत नाही’ असं उत्तर त्यांनी कमी दिलं. वस्तू आहेच, असं ‘द’ गुपचूप गृहीत धरायला लावतो. ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर देताना हे ध्यानात ठेवा. चौकशी पूर्ण व्हायच्या आधी ‘वी आर लुकिंग इंटू द डिफेक्ट’ लिहिणं म्हणजे दोष होता हे मान्य करणं. ‘वी आर चेकिंग व्हेदर देअर इज ए डिफेक्ट’ लिहिलं तर तुम्ही अजून काही कबूल केलेलं नाही.

जाता जाता आपल्या लाडक्या ‘काइंडली डू द नीडफुल’बद्दल. ‘द’ म्हणतो की काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. बहुतेक वेळा माहीत नसतं, आणि लिहिणाऱ्यालाही धड माहीत नसतं! फाइल मग या टेबलावरून त्या टेबलावर फिरते.

मग हेडिंगमध्ये का नसतात?

मेलच्या विषयाच्या ओळीत, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, एक्सेलच्या रकान्यात, बोर्डावर आर्टिकल गाळायची मुभा आहे. ‘पेमेंट रिमाइंडर फॉर मार्च इन्व्हॉइस’ असा विषय चालतो. काही ठरलेले वाक्प्रयोगही उघडेच असतात: बाय रोड, ऑन लीव्ह, इन ट्रान्झिट, अंडर वॉरंटी. विषयाची ओळ आहे तशी मजकुरात उतरवायची सवय मात्र मोडा. वाक्य सुरू झालं की आर्टिकल परत आलं पाहिजे.

आता एआय करून देतो ना?

देतो, आणि ए-अ‍ॅनच्या चुका, ‘इक्विपमेंट्स’सारख्या चुका तो चुटकीसरशी काढतो. त्या कामासाठी खुशाल वापरा. अडचण ‘द’ आणि ‘ए’मधून निवडायची असते तिथे आहे. तुम्ही ‘वी आर सेंडिंग रिव्हाइज्ड ड्रॉइंग’ असं लिहून दुरुस्त करायला दिलं तर तो बहुधा ‘द रिव्हाइज्ड ड्रॉइंग’ करून देईल. वाक्य निर्दोष. पण ड्रॉइंग बदलणार आहे हे ग्राहकाला आधी कळवलंच नसेल, तर तो जुने मेल उपसत बसेल, किंवा एखादा मेल आपल्या नजरेतून सुटला असं समजून तुम्हाला फोन करेल. ग्राहकाला काय सांगून झालंय ते त्या वाक्यात नव्हतं, तेव्हा यंत्राला कुठून कळणार?

म्हणून वाक्य देताना सोबत मराठीतच लिहा: ‘ड्रॉइंग बदलल्याचं ग्राहकाला अजून माहीत नाही, आणि अशी दोन ड्रॉइंग आहेत, त्यातलं एक आज पाठवतोय.’ उत्तरात ‘वन ऑफ टू रिव्हाइज्ड ड्रॉइंग्ज’ असं काहीतरी येईल आणि दुसरं कधी पाठवणार हेही लिहायला तुम्हाला आठवेल.